चार मीटरचा जोड

टेपमास्तरांना घरात सगळे हसत. कपडे वाळत घालायची दोरी बांधायची, तरी हे आधी टेप काढणार, दोनदा मोजणार आणि बायकोला विचारणार, “बरोबर आहे ना?” ती म्हणायची, “अहो, कपडेच वाळवायचेत, पूल नाही बांधायचा.”

हे वेड लागलं ते वेधशाळेतल्या नोकरीत. तिथे ते केबलचं काम बघत. मोकळ्या माळावर गोल रूळ टाकलेले होते आणि त्यांवर छोटे छोटे आरसे जोडून केलेल्या दोन अवाढव्य तबकड्या फिरत. दोघी एकाच ताऱ्याकडे बघत. ताऱ्याचा प्रकाश वरून संथ दिसला, तरी आतून सारखा कमीजास्त होत असतो. तबकड्या जवळ असताना ही थरथर दोघींकडे बरोबरीने होते. लांब नेल्या की बरोबरी सुटत जाते. तारा जितका मोठा, तितकी ती लवकर सुटते. मोठ्यातल्या मोठ्या दुर्बिणीतूनही जो नुसता टिंब दिसतो, त्याची रुंदी यावरून काढायची! हा प्रयोग चालवणाऱ्या सरांनी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा टेपमास्तरांना ते आपली फिरकी घेताहेत असंच वाटलं होतं.

अट एकच. दोन्ही तबकड्यांकडचे संदेश मोजणीच्या खोलीत एकाच क्षणी पोचायला हवेत, म्हणून दोन्ही केबल अगदी सारख्या हव्यात. ती जबाबदारी यांची. लांबलचक व्हरांड्यात केबल अंथरायची, एक टोक सरांनी धरायचं, दुसरं यांनी. सरांची सात वर्षांची लेक केबलच्या लाकडी रिळावर बसून “ओढा!” असं ओरडायची. साहेब आणि वायरमन दोघंही निमूट ओढायचे.

परवा ती लेक घरी आली. आता सत्तेचाळीस वर्षांची, त्याच विषयातली शास्त्रज्ञ. टेपमास्तरांच्या बायकोने, तिच्या काकूंनी, चहा टाकला. जुन्या गप्पा निघाल्या.

“काका, ती थरथर म्हणजे प्रकाशाचे कण जोडीजोडीने येणं; असं कसं होईल म्हणून लोक तेव्हा बाबांना वेड्यात काढायचे ना? आता त्यावरच आमचं पोट चालतं,” ती हसत म्हणाली.

मग तिने एक कागद पुढे ठेवला. तिच्या गटाने नव्या यंत्रावर एकेक प्रकाशकण टिपून सरांचेच तारे पुन्हा मोजले होते. सगळे जुळले, एक सोडून. त्या ताऱ्याची सरांनी काढलेली रुंदी अठरा टक्के जास्त होती. इतरांच्या गणिताशी न जुळणाऱ्या त्याच आकड्यावरून तेव्हा सरांची टर उडवली गेली, काम बंद पडलं आणि सर उरलेली वर्षं कॉलेजात शिकवत राहिले.

“ती मोजणी भरवशाची नाही, वगळावी, असं लिहिणार आहे मी,” ती म्हणाली. “जिवावर येतंय. पण इलाज नाही.”

टेपमास्तर उठून आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या हातात काळ्या केबलचं एक वेटोळं होतं.

“वगळू नकोस. चूक सरांची नाही, माझी आहे.”

तो शेवटचा तारा. त्याची जवळची मोजणी झाली होती आणि तबकड्या लांब न्यायच्या होत्या, तेवढ्यात एक केबल उंदरांनी कुरतडली. तसली केबल भांडारात शिल्लक नव्हती. टेपमास्तरांनी दुसरी घेतली, आता हातात होती तीच, बाहेरून सेम टू सेम. खराब झालेली चार मीटर कापली, नवी चार मीटर जोडली. लांबी केसाइतकीही चुकली नाही. पण नव्या केबलच्या आत भरीव प्लास्टिकऐवजी स्पंजसारखं काहीतरी होतं, आणि त्यातून संदेश जास्त वेगाने जातो. टेपला ते कसं कळणार? एक संदेश आधी पोचू लागला, बरोबरी लवकर सुटली आणि तारा आहे त्याहून मोठा निघाला. यांना कळलं ते वर्षभराने, एका प्रशिक्षणात. तोवर सरांचा शोधनिबंध छापून आला होता.

तिने लॅपटॉप उघडला. चार मीटरमागे संदेश किती लवकर पोचला असेल ते मांडलं, तेवढी दुरुस्ती जुन्या आकड्यांत केली. अर्धा तास गेला. चहावर साय धरली.

“जुळला,” ती म्हणाली. आणि मग तिचा आवाज चढला. “काका, बाबा तीन वर्षं रोज रात्री तेच गणित तपासत बसायचे. रोज! आम्ही जेवायला हाका मारायचो. तुम्ही एकदा तरी सांगायचं होतं!”

“हो.”

“ते रागावले नसते हो.”

“माहीत आहे,” टेपमास्तर म्हणाले. “खांद्यावर हात ठेवला असता आणि सगळा दोष स्वतःकडे घेतला असता. मला ते सोसलं नसतं. म्हणून तोंड शिवून बसलो.”

तिने डोळे पुसले. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने तिने लिहायला घेतलं आणि वाचून दाखवलं, “वेधशाळेतल्या एका तंत्रज्ञाकडून जोडणीत चूक झाल्याने...”

“असं मोघम नको,” टेपमास्तर म्हणाले. “सरांचं नाव उघड्यावर गेलं होतं. माझंही जाऊ दे. पूर्ण नाव घाल.”

तिची बोटं थांबली. “काका, हे जगभर वाचतील.”

“वाचू देत,” ते म्हणाले, आणि एकेक अक्षर सावकाश सांगू लागले.