बाबा माझ्या पुढे आहेत

दुर्ग स्टेशनवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आईने डबा दिला आणि बाबांनी पुस्तक. नागपूरच्या मामाने आणलेलं, आमचं दोघांचंही अर्धवट राहिलेलं. आत बाबांची खूण होती, भिलाईच्या स्टील प्लांटमधल्या कँटीनचं कूपन, आणि माझा लोकरीचा धागा बराच मागे. "तू घेऊन जा," म्हणाले, "माझं मी पाहून घेईन." गाडी हलल्यावर माझ्या डोक्यात आलं, की ते कूपन आता पुढे सरकणार नाही. राजनांदगाव येईस्तोवर मी रडून राहिली होती.

सेक्टर दोनच्या क्वार्टरमधली आमची ती रीतच होती. भिलाईत मराठी पुस्तक मिळणं मुश्किल. तिथल्या मराठी मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटातून, नाहीतर नागपूरहून कोणी आलं तर एखादं यायचं. पुस्तक एक, वाचणारे दोघं. बाबा रोलिंग मिलच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. ते ड्यूटीवर गेले की मी वाचायची, आले की त्यांची पाळी. दुसऱ्याची खूण हलवायची नाही आणि पुढचं सांगायचं नाही, एवढे दोनच नियम. आई म्हणायची, या बापलेकीचं भांडण होते ते फक्त पुस्तकावरून.

पुण्यात ऑफिस, फ्लॅट, कॅब, सगळं जमलं. एकदा मीटिंगमध्ये तोंडातून "मले" निघालं आणि सगळे हसले. तेव्हापासून मी जपून बोलायला लागली. मराठी मुलखात आली आणि माझी मराठी तिकडे छत्तीसगडात राहून गेली. इकडे बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, भिलाईतच कोहक्यात घर बांधलं. हळूहळू त्यांना बारीक अक्षर दिसेना.

म्हणून मी दोन ई-रीडर घेतले, एक त्यांना, एक मला. अक्षर बोराएवढं करता येतं. दोन्ही एकाच खात्यावर जोडले, कारण पुस्तक एक आणि वाचणारे दोघं. बाबा लय खूश झाले. मंडळाचं पुरं कपाटच हातात आलं, असं शेजारीपाजारी सांगत फिरले.

पुढे काही महिन्यांनी आईचा फोन आला. "तुया बाबाइनं वाचणं सोडलं. कावून, ते सांगून नाही राहिले."

दिवाळीत गेली तर ते वाचायचं मशीन कपाटात, कपड्यांखाली. बाबा अंगणात खुर्ची टाकून नुसते बसलेले. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा खाली मान घालून बोलले.

"मले काही आठवून नाही राहिलं, बेटा. मशीन म्हणते, मी पुढचं वाचून टाकलं. वाचलेलं मले माहीतच नाही. दादाचं बी असंच सुरू झालं होतं."

दादा म्हणजे त्यांचे मोठे भाऊ. शेवटी शेवटी त्यांना स्वतःचं घरही ओळखू येत नव्हतं.

मी मशीन उघडलं. त्याने इंग्रजीत विचारलं, या पुस्तकाचं वाचन पुढच्या पानापर्यंत झालं आहे, तिथे जायचं का? ते वाचन माझं होतं, पुण्यातलं. मशीनच्या लेखी आम्ही दोघं एकच माणूस. आणि बाबा दरवेळी "हो" दाबत गेले. त्यांची पुरी नोकरी पॅनलसमोर गेली होती. पॅनल सांगेल ते खरं, माणसाच्या अंदाजावर मिल चालत नाही, हे मलाही त्यांनीच शिकवलं होतं. म्हणून त्यांनी पॅनलवर भरवसा ठेवला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला नाही. हे भेव घेऊन ते इतके दिवस एकटेच राहिले, आईलाही बोलले नाहीत.

मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे मी बरा आहो?"

हो बाबा, म्हटलं.

दोघांची पानं वेगळी करणं एका बटणाचं काम होतं. पण बाबा नाही म्हणाले. "राहू दे. आता मी पुढे राहतो, तू मागून ये."

तेव्हापासून रोज ऑफिसातून येऊन मी मशीन उघडायची. ते विचारायचं, वाचन पुढे गेलं आहे, तिथे जायचं? मी "नाही" दाबायची. पानाचा आकडा कालच्याहून वाढलेला दिसला, की बाबा वाचून राहिले, म्हणजे कोहक्यात सगळं ठीक आहे. फोन नंतर करायची.

बाबा गेले त्याला आता दुसरा उन्हाळा. दुपारी खुर्चीतच गेले. आई माझ्याकडे आली, कोहक्याचं घर भाड्याने दिलं, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये कोण राहतं माहीत नाही. भिलाई सोडलेल्या आम्हा सगळ्यांसारखंच मलाही कोणी विचारतं, घर कुठे तुमचं? मी काहीतरी सांगून देते.

त्यांचं शेवटचं पुस्तक अर्धं राहिलं. मी उघडते, मशीन अजून विचारतं, वाचन पुढे गेलं आहे, तिथे जायचं? मी "नाही" दाबते. त्यांच्या पानाच्या पुढे मी गेली की ते विचारणं बंद होईल. मधे थोडीच पानं उरली आहेत. म्हणून हल्ली मी मागचीच पानं पुन्हा पुन्हा वाचून राहिली आहे.