तीनही बरोबर

विलासदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला कारखान्याच्या लॅबमध्ये होते. साठवणीतल्या आंब्याच्या रसाचा नमुना तपासून झाला होता, अहवालावर सही तेवढी राहिली होती. कोल्हापूरच्या हॉस्पिटलमधून त्याची बायको, रेखावहिनी, बोलत होती. "गेले गं," एवढंच म्हणाली. मी सही केली, तारीख घातली, हात धुतले आणि निघाले. अर्धवट कागद टेबलावर ठेवून मला उठता येत नाही. घाट चढताना मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एकही खोटा अहवाल दिलेला नाही... दिला तो एकदाच, नोकरीबाहेर, दादाला.

दादाबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ही एक गोष्ट लिहायची आहे.

दादा माझा मावसभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. उमेदीची सगळी वर्षं बोटीवर चीफ कुक म्हणून गेली. बरोबरचे लोक परदेशातून परफ्यूम आणि मोबाईल आणायचे, हा नाक तयार करून आला. निवृत्त होऊन रत्नागिरीत घर बांधलं आणि अजून बोटीवर असलेल्या सोबत्यांकडून वाईनच्या बाटल्या मागवू लागला. त्याही फक्त थंड मुलखातल्या, आणि फक्त लाल. मी एकदा विचारलं, "त्यात एवढं काय आहे?" तर म्हणाला, "उन्हातलं द्राक्ष आपल्या हापूससारखं, सगळं गोडावर नेतं. थंडीतलं बिचारं कुढत पिकतं, बाय. आंबट राहतं, रंग धरत नाही. मग त्याच्याकडे उरतं काय? वास."

वर्षातून दोनदा, रविवारी दुपारी चारला, त्याच्या पडवीत परीक्षा असायची. परीक्षार्थी दोन : दादा आणि माझा नवरा. तिसरे इक्बालभाय. तेही बोटीवरचेच, इंजिनरूममधले, दारूच्या थेंबालाही न शिवणारे. ते कोकम सरबताचा ग्लास घेऊन गुण द्यायला आणि टोमणे मारायला यायचे. मीही पीत नाही, म्हणून ओतायचं काम माझ्याकडे. आमच्या उकाड्यात वाईनचा काढा होतो, म्हणून बाटल्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये. मग मी एकटी स्वयंपाकघरात जाऊन ग्लास भरायची, प्रत्येकाखाली आकड्याची चिठ्ठी ठेवायची आणि कुठल्या आकड्याला कुठली वाईन ते एका कागदावर लिहून खिशात टाकायची. लॅबमध्ये नमुन्यांना आम्ही असेच आकडे देतो. बाटल्या ओट्यावरच राहायच्या, तिकडे कोणी फिरकायचं नाही, हा दादाचा नियम. शेवटी मी कागद वाचला की निकाल लागला. "ही लॅबवाली आहे," तो सांगायचा. "हिचा कागद म्हणजे कागद."

आणि दादा चुकत नसे. न्यूझीलंडची वाईन त्याच्या मते आमसुलाचा डबा उघडल्यासारखी. जर्मनीची, द्राक्ष तेच असूनही, पाऊस थांबल्यावरच्या पाचोळ्यासारखी. चिलीच्या समुद्राकाठची म्हणजे सरळ कुटलेली मिरी. माझ्या नवऱ्याला त्यातली मिरी तेवढी कळायची. त्या एका गुणावर तो खूश असे.

मागच्या नाताळात, परीक्षेच्या आदल्या दिवशी, दादाचा फोन आला. "बाय, या वेळी कोड जरा नीट लाव. कोणाला काही सुचवू नको. मला बघायचंय." मी म्हटलं, "मी कधी सुचवते?" काय बघायचंय ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा तो ओट्याशी उभा राहून पडवीतल्या इक्बालभायशी वाद घालत होता, आणि त्याच्या हाताशी तव्यावरचे बोंबील करपून धूर निघत होता. मी गॅस बंद केला. "लक्ष कुठंय, दादा?" म्हटलं. त्याने तव्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरेच्चा."

त्या दिवशी त्याने एकेक ग्लास किती वेळ नाकाशी धरला! फिरवायचा, हुंगायचा, खाली ठेवायचा, परत उचलायचा. इक्बालभाय म्हणाले, "विलास, तुझ्याबरोबर तुझं नाकही रिटायर झालं काय रे?" सगळे हसलो. दादा हसला नाही. मग एकदम उत्तरं सांगून मोकळा झाला : एक जर्मनी, दोन चिली, तीन न्यूझीलंड.

मी खिशातला कागद उघडला. एक न्यूझीलंड, दोन जर्मनी, तीन चिली. एकही बरोबर नव्हतं. मिरीसुद्धा नाही.

मी वर पाहिलं तर तो माझ्याकडेच बघत होता. मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "तीनही बरोबर."

"असं कसं?" माझा नवरा म्हणाला. "मिरी तर तीन नंबरात होती!"

"तुला मिरी आणि धणे सारखेच," मी म्हटलं. "बस खाली."

दादा हसायला लागला. खूप वेळ हसत राहिला, डोळे पुसले, इक्बालभायच्या पाठीत थाप मारली. "बघ! नाक जागेवर आहे." मला वाटलं, जिंकल्याचा आनंद. मी हे दयेपोटी केलं असं म्हणायची सोय आहे, पण ते पूर्ण खरं नाही. त्याचा चेहरा मला बघवेना, घरी जायला उशीर होत होता, आणि खेळ तर होता. गाडीत नवऱ्याला खरं सांगितलं, तेव्हा आम्ही दोघंही हसलो.

ऑगस्टमध्ये दादाने गाडी स्वतःच्याच फाटकावर घातली. मग नावं विसरू लागला. कोल्हापूरला तपासण्या झाल्या. कपाळामागे, वासाच्या नसेपाशी, गाठ होती. डॉक्टरांनी विचारलं, "वास येणं कधीपासून कमी झालं?" रेखावहिनी जवळजवळ चिडली. "ह्यांचं नाक? अहो, नाताळात तीन वाईन नुसत्या हुंगून ओळखल्यात. हिला विचारा, हिनेच ओतल्या होत्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खोलीत आम्ही दोघंच होतो. दादा त्या दिवशी छान शुद्धीवर होता. म्हणाला, "गंमत सांगू, बाय? मला तेव्हा कशाचाच वास येत नव्हता. महिनाभर आधीपासून. म्हटलं, परीक्षेत नापास झालो तर डॉक्टरकडे जायचं. तर तीनही बरोबर! मग ठरवलं, मनाचे खेळ आहेत..." नर्स आत आली आणि मी उठले. ती आली नसती तर मी बोलले असते, असं मला वाटत नाही.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी तो गेला. नंतर मी डॉक्टरांना एकटीने गाठून विचारलं, आठ महिने आधी कळलं असतं तर? "गाठ लहान असती," ते म्हणाले. "बाकी सांगता येत नाही." या वाक्याचा अर्थ मला कळतो. मी स्वतः ते कागदावर पुष्कळदा लिहिलेलं आहे.

तेरावं झाल्यावर मी वहिनीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. सूप रिकामं झाल्यावर म्हणाली, "जा आता घरी." त्यानंतर तीन आठवडे फोन नाही. मी केला तर उचलला नाही. इक्बालभायही म्हणाले, "थोडे दिवस जाऊ देत."

मागच्या रविवारी तिचा फोन आला. "चारला ये." गेले तर तीन बाटल्या ओट्यावर काढून ठेवलेल्या. "ओत," म्हणाली आणि पडवीत जाऊन दादाच्या खुर्चीत बसली. जन्मात वाईन तोंडाला न लावलेली बाई. मी ग्लास भरले, चिठ्ठ्या ठेवल्या, कागद लिहिला. तिने एकेक ग्लास त्याच्यासारखाच फिरवला, हुंगला, कडू औषध घ्यावं तसा घोट घेतला. आणि न अडखळता सांगितलं, "एक चिली, दोन न्यूझीलंड, तीन जर्मनी."

मी कागद उघडला. 

"तीनही चूक," मी म्हटलं.

"परत म्हण."

"तीनही चूक, वहिनी."

तिने मान हलवली. "तेव्हा एवढंच म्हणायचं होतंस," ती म्हणाली.

मी ग्लास उचलले, आत नेऊन धुतले, पुसून कपाटात लावले. बाहेर आले तेव्हा ती तशीच बसून होती. ती जा म्हणाली नाही. मी समोरच्या बाकावर बसले.