टॉवरची ओटी

आमचा पाडा बारवी धरणाच्या वरच्या अंगाला. मी शाळेत असताना आमच्या भाताच्या खाचरात विजेचा टॉवर उभा राहिला आणि सगळ्यांना वाटलं, आता पाड्यात वीज येणार. बायकांनी त्याची ओटी भरली. देवीची भरतात तशीच. नारळ, तांदूळ, खण. आई सगळ्यांच्या पुढे. तिला दिव्याचं फारसं कौतुक नव्हतं, तिला भाताची गिरणी हवी होती. मुसळ चालवून तिचा उजवा खांदा इतका दुखे, की केस विंचरायला माझ्या बहिणीला हाक मारावी लागे. गावातला एकजण गिरणी टाकायला तयार होता, अडलं होतं ते विजेपाशी.

तारा ओढल्या गेल्या. त्या आमच्या डोक्यावरून थेट अंबरनाथच्या कारखान्यांकडे गेल्या.

पुढे मी उल्हासनगरला कॉलेजात गेलो, आमच्या घरातला पहिलाच. अर्थशास्त्राच्या तासाला सर सांगत होते, देश पुढे न्यायचा तर आधी उद्योगांना अखंड वीज हवी. मला वर्गात बोलायची भीती वाटे. त्या दिवशी मात्र कसाबसा उभा राहिलो.

"सर, आमच्या शेतात टॉवर आहे. घरात वीज नाही. मग आम्ही..." पुढचं सुचेना.

"आकडा टाक ना यार!" मागून माझा सिंधी दोस्त ओरडला. "सीधा चिपक जाएगा!"

वर्ग हसला. सरही हसले. म्हणाले, "त्या तारांतली वीज घरात घेता येत नाही. आधी कारखाने उभे राहू देत, फायदा खाली झिरपतो. धीर धरा."

ती वीज तशी घेता येत नाही, हे मला कळत होतं. पण कारखान्याच्या दारात ट्रान्सफॉर्मर बसतोच ना? मग धीर कोणी धरायचा, हे ठरवतं कोण? एवढंच मला विचारायचं होतं.

मग मी वीज कार्यालयात गेलो. तिथले साहेब म्हणाले, "तुमच्या गावात वीज आहे."

"कुठे, साहेब?"

"पंपावर."

गावाच्या हद्दीत, आमच्यापासून टेकडीपलीकडे, पाणी उपसायचा एक पंप होता. तेवढ्यावर सरकारदरबारी अख्ख्या गावात वीज पोचली होती. आता पाड्यासाठी वेगळे खांब कशाला?

"पण साहेब, तिथे माणसं राहत नाहीत."

"अरे बाबा, गाव झालं म्हणजे झालं."

जमीन आमची, टॉवर आमच्या खाचरात, आणि वीज पंपाला! तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. नवरात्रात बायका देवीच्या ओटीला निघाल्या, तेव्हा शेजारच्या काकीने तिला विचारलं, "आन् टावरची गं, वयनी?"

"त्या विजेची कारखानेवाले भरतील," आई म्हणाली. "त्यांच्याकडंच नांदतेय ना ती."

बायका खो खो हसल्या. मला हसू आलं नाही.

भात झोडून झालं आणि आई पुन्हा उखळापाशी उभी राहिली. थोडं कांडून थांबली, खांदा चोळू लागली. खाचरावर तारा गुणगुणत होत्या. मी तिच्या हातातलं मुसळ घेतलं.

"बायकांचं काम रं ते, पोरा. कालिजात शिकतोस, लोक हसतील."

"हसू दे," मी म्हणालो आणि कांडू लागलो.