अकरा जणांच्या पाठीवर

चूक सूर्यकांतची होती, आणि ती त्याने ताठ उभं राहून केली.

गडहिंग्लजकडचा हा फौजेतला माजी हवालदार दुबईत सोनं पोचवणाऱ्या एका कंपनीत गार्डांचा प्रमुख होता. हाताखाली अकरा गार्ड, प्रत्येकाकडे परवान्याचं पिस्तूल. ते रोज अंगावर कुठे बांधायचं हे एकदाचं ठरवून द्या, असं मॅनेजर राजनसरांनी फर्मावलं. झालं! सूर्यकांत मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पातल्या आपल्या खोलीत आरशासमोर सावधानमध्ये उभा राहिला.

उजव्या कमरेला? हात चटकन जातो, पण गर्दीत दुसऱ्याचाही जाईल. डावीकडे, मूठ पुढे करून? उपसताना नळी शेजाऱ्याच्या पोटावरून फिरते. काखेत? वरून कोट हवा, आणि ऑगस्टात इथे कोट घालणारा एक तर साहेब असतो, नाहीतर वेडा. मांडीवर? मग गॉगलही द्या. पुढे, बक्कलाशेजारी? झाकलेलंही आणि हाताशीही. पण 'आपल्या लोकांची पोटं विचारात घ्यावीत' असं त्याने रिपोर्टात चक्क लिहिलं.

उरली पाठ. कमरेच्या बरोबर मध्ये, मणक्यावर. नजरेआड, ऐटबाज. यल्ला, चला, ठरलं.

पायदळात वीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला एकदा बसून बघायचं काही सुचलं नाही. गार्ड तर दिवसाचे दहा तास व्हॅनमध्ये बसलेले.

"साहेब, पाठीशी दगड घेऊन बसल्यासारखं होतंय," दापोलीकडचा मुझम्मिल पहिल्याच आठवड्यात म्हणाला.

"सवय होईल. ताठ बसायला शिकशील."

"बायको दहा वर्षं तेच शिकवतेय. तिच्याकडे पिस्तूल नव्हतं, एवढंच."

सगळे हसले. सूर्यकांतही हसला, आणि पिस्तुलं होती तिथेच राहिली.

तिसऱ्या महिन्यात मुझम्मिल व्हॅनच्या पायरीवरून घसरला आणि पाठीवर पडला. म्हणजे पिस्तुलावर पडला. मणक्याला असा मार बसला की डावा पाय बधिर. डॉक्टरने कामास अयोग्य लिहिलं. खलास.

"जागा तुम्ही ठरवलीत, एवढं एक वाक्य लिहून द्या," हॉस्पिटलात तो म्हणाला. "चाळीस हजार दिरहम भरपाई बसते. म्हणजे नऊ लाखांच्या वर. घरी जाऊन दुकान तरी टाकीन."

"लिहितो. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला आम्ही म्हणायचं, साहेब. तुम्ही नुसतं लिहा."

दुसऱ्या दिवशी राजनसरांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'पिस्तुलाच्या होल्स्टरची जागा प्रत्येक गार्डने स्वतःच्या सोयीने निवडली होती.'

"बस, एक साइन," ते म्हणाले.

"आणि माझा रिपोर्ट?"

"कुठला रिपोर्ट?" सरांनी इतक्या निरागसपणे विचारलं की सूर्यकांतलाच क्षणभर शंका आली. "तुमचं व्हिसा रिन्यूअलही इथेच पडलंय. दोन्ही आजच क्लिअर करू ना?"

पोरीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष चालू होतं. पेनाला तेवढं कारण पुरलं.

मुझम्मिल काठी टेकत निरोप घ्यायला आला. कागदाचं त्याला कळलं होतं. कॅम्पात काय लपतं? सूर्यकांतने खुर्ची पुढे केली.

"नको, आता उभंच बरं वाटतं," तो म्हणाला. "तुमच्यासारखं."

सूर्यकांतने खुर्ची मागे सरकवली.

"एक राहिलंच. गणपतीत तुमची ड्यूटी मी केली होती. बकरी ईदला माझी तुम्ही करणार होतात."

"करीन की."

"करा," मुझम्मिल हसला. "तक्त्यात माझं नाव सापडलं तर."

त्याच आठवड्यात नवा हुकूम निघाला: पिस्तूल उजव्या कमरेला. खाली सही सूर्यकांतची. या वेळी त्याने खुर्चीत बसून, उठून, व्हॅनचं दार उघडूनही बघितलं होतं.

बकरी ईदला तो पहाटेच तयार झाला. ड्यूटीच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे दिवसपाळी होती. त्याची स्वतःचीच.