सहीसाठी नेलेली नक्कल

झेरॉक्स यायच्या आधीची गोष्ट. एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेला बसायला पंचावन्न टक्के लागत आणि मला त्रेपन्न होते. गुणपत्रिकेच्या टाइप केलेल्या नकलेत मी पंचावन्न करून घेतले आणि ‘खरी नक्कल’ अशा सहीशिक्क्यासाठी मंगळवार पेठेतून सायकल मारत जनावरांच्या सरकारी डॉक्टरांकडे गेलो; राजपत्रित अधिकारी म्हणून त्यांची सही चालायची.

ते म्हैस तपासत होते. हात धुऊन, नीट पुसून त्यांनी मूळ गुणपत्रिका मागितली. दोन्ही कागदांवरच्या आकड्यांवरून सावकाश बोट फिरवलं.

"म्हशीचं वय बी लोक कमीच सांगत्यात, पावणं," ते म्हणाले. "म्हणून मी दात बघतो."

आवाज चढला नाही. नक्कल त्यांनी सही न करता परत दिली.

पुढच्या वर्षी पुन्हा पेपर देऊन मी साठ टक्के मिळवले आणि मुद्दाम त्यांच्याकडेच गेलो. त्यांची बदली झाली होती. नव्या डॉक्टरांनी न बघताच सही केली.