पांढरी बट

पार्लरवाल्या मावशींच्या कपाळावर जन्मापासून पांढरी बट होती. रोज दुकान उघडण्याआधी आरशासमोर बसून त्या ती काळी आहे ना हे पाहत, आणि मुळाशी पांढरं दिसलं की लगेच रंगाचा ब्रश फिरवत. लेकही तशीच बट घेऊन जन्मली. तिलाही त्या शाळेच्या वयापासून रंगवत आल्या.

लेकीला दिवस गेले आणि तिने रंग लावणं सोडलं. बट उघडी पडली, तशी मावशींची नजर सारखी तिकडेच जाऊ लागली. तपासणीच्या वेळी त्यांनी विचारलंच, "बाळाला येईल का हो?"

"जनुकं जोडीने असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लेकीच्या जोडीत एक बटेचं आहे, एक साधं. त्यातलं कुठलंही एकच बाळाला मिळणार. पण तब्येतीला काही धोका नाही."

मुलगी झाली. मावशींनी टोपडं सरकवलं, तर खाली पांढरी बट.

"आली गं बाई! माझ्यामुळे."

"तुझ्यामुळेच," लेक हसली. "कुशीत घेतल्यावर पहिली तीच दिसली. म्हटलं, ही आपलीच. आता ब्रश घेऊन हिच्या मागे लागलीस तर बघ हं!"

त्यानंतर मावशींनी स्वतःच्या बटेलाही ब्रश लावला नाही. एका गिऱ्हाइकाने आरशातून न्याहाळत विचारलं, "हा कुठल्या कंपनीचा रंग? मलाही असाच करा ना."

"हा बाटलीत नाही मिळत," मावशी म्हणाल्या. "पण माझ्या नातीकडे अगदी ताजा आहे, दाखवते."

आणि त्यांनी मोबाइल काढला.