उघड्यावर पडलेली चावी

सिद्धार्थचा फोन आला तेव्हा मी परळच्या आमच्या लॅबच्या ऑफिसात जेवणाचे डबे आवरत होते. "नीलाताई, आमची करुणाताई गेली," एवढंच तो बोलला. त्याची ही बहीण म्हणजे माझी शेजारच्या खुर्चीतली इतक्या वर्षांची मैत्रीण. ती आजारी होती, पण बरी होऊन कामावर येणार हे आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी आत जाऊन सरांना सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, सर्व्हरच्या चावीचा पासवर्ड त्यांनी कुठे ठेवलाय?" माझं डोकंच फिरलं. तिला अजून घरीसुद्धा आणलं नव्हतं. "माझ्याकडे आहे," मी म्हटलं, "आणि आज हा विषय नको." दार आपटून बाहेर आले ते थेट नायगावला तिच्या घरी गेले.

आमच्या साइटवर पेशंट आपले रिपोर्ट मोबाइलवर बघतात. ते वाटेत दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नयेत, आणि साइट आमचीच आहे याची खात्री पटावी, म्हणून सर्व्हरवर एक चावी असते. चावी कसली, अगम्य अक्षरांच्या काही ओळींची फाइल. ती तयार करायची, यंत्राला हव्या त्या प्रकारात बदलायची, साइट आमचीच आहे असं लिहून देणाऱ्या बाहेरच्या संस्थेच्या प्रमाणपत्रासोबत एकाच पुडीत बांधून वर पासवर्ड घालायचा, हे सगळं करुणा काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून करायची. माऊसला हात नाही. मी चिडवायचे, "अगं, बटण दाबलं तर बोट झिजतं का तुझं?" ती मान वर न करता म्हणायची, "बटण आत काय करतं ते मला दिसत नाही. इथे मी सांगेन तेवढंच होतं." मला राग यायचा तिचा. इतकी सावध बाई रोज शेजारी असली की आपण उगीचच गबाळे वाटतो.

हा सावधपणा कुठून आला ते तिने एकदाच सांगितलं, संध्याकाळी चालत घरी निघालो असताना. ते सगळे बीडीडी चाळीत राहत होते तेव्हा तिच्या मोठ्या बहिणीला टीबी झाला होता. औषधं घेऊन ती ठणठणीत बरीही झाली. पण दवाखान्याच्या कंपाउंडरने गप्पांच्या ओघात कुणाला तरी सांगितलं, आणि ठरलेलं लग्न मोडलं. "नंतर तिने कुणाला बघायलाच येऊ दिलं नाही," करुणा म्हणाली आणि रस्ता ओलांडायला लागली.

मग तो नव्या सर्व्हरचा दिवस आला. करुणाने पुडी बांधून ठेवली होती आणि ती दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. सर्व्हर बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाला ती पुडी उघडेना. तेव्हा पासवर्ड सरांकडेही असायचा. त्यांनी घाई केली आणि आमच्या अमितने पुडी सोडवून आतली चावी, पासवर्डबिसवर्ड काढून, उघडीच्या उघडी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकली. त्या ग्रुपमध्ये आमच्या सगळ्या सेंटरची माणसं होती, बाहेरचीही होती. करुणा गालाला रुमाल लावून परत आली, मोबाइल बघितला आणि उभ्याउभ्याच विचारलं, "हे कुणी टाकलं?"

"मी... सर बोलले लवकर पाठव, म्हणून," अमित म्हणाला.

"डिलीट केलंय मॅडम," सर म्हणाले. "थोडाच वेळ होतं."

"तेवढ्यात कुणी उतरवून घेतली असेल तर आपल्याला कळणार पण नाही, सर. ती चावी ज्याच्या हातात, तो आपल्या साइटचं सोंग घेऊन बसेल. पेशंट स्वतःचा पासवर्ड त्याच्याकडे देतील आणि रिपोर्ट तो वाचेल. मी ही चावी रद्द करतेय."

"आत्ता? काउंटरवर रांग बघा! मी परवानगी देत नाही."

"मग मला काढा. पण आधी हे होऊ दे."

ती बसली, आणि साइट बंद झाली. काउंटरवर मी होते. चिंचपोकळीहून आलेल्या एका गृहस्थांच्या बायकोचं ऑपरेशन रिपोर्टवाचून अडलं होतं. ते ओरडत होते आणि मी प्रिंट काढून देत होते. मधूनमधून आत डोकावून यायचे. नवी चावी झाली, नवं प्रमाणपत्र यायला वेळ लागला. आल्यावर चावी आणि प्रमाणपत्र एकमेकांचीच आहेत ना, हे तिने तपासलं, पुडी बांधली, आणि सर्व्हरने ती नाकारली. त्याला जुन्या पद्धतीची पुडी लागते हे तेव्हा कळलं. सर तिच्या पाठीमागे येरझाऱ्या घालत होते. तिची ओढणी घामाने पाठीला चिकटली होती. तिने तीच कमांड पुन्हा, एकेक अक्षर बघत, थोडी बदलून लिहिली. साइट सुरू झाली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. दुसऱ्या दिवशी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मी दाराशीच घुटमळत होते. बाहेर येऊन ती म्हणाली, "काढलं नाही. सॉरी पण नाही म्हणाले." आणि सुजलेला गाल धरून हसली.

त्यानंतर पासवर्ड फक्त आम्हा दोघींत राहिला, आणि एक नवीनच पद्धत सुरू झाली. पासवर्ड टाइप करायच्या आधी करुणा म्हणायची, "तोंडं फिरवा." खोलीतल्या सगळ्यांनी खिडकीकडे तोंड करायचं, सरांनीसुद्धा. "नवरीला साडी नेसवतेयस का गं?" मी विचारायचे. ती हसायची, पण आम्ही वळल्याशिवाय हात चालवायची नाही.

गेल्या आठवड्यात प्रमाणपत्राची मुदत संपत आली. करुणा नाही, म्हणजे ते काम माझ्यावर आलं. सर आणि अमित मागे येऊन उभे राहिले. सर आता पासवर्ड मागणार, असंच माझ्या मनात होतं, आणि भांडणाची तयारी करूनच मी बसले होते. करुणाशेजारी बसून शिकलेली कमांड लिहिली. पडद्याने पासवर्ड विचारला. तो टाइप करताना तिथे काही उमटत नाही, साधं टिंबसुद्धा नाही. मला 'तोंडं फिरवा' म्हणायचं होतं, पण ते शब्द तिचे होते, तोंडातून निघेनात... शेवटी मागे वळून बघितलं, तर सर आधीच खिडकीकडे तोंड करून उभे होते, हात मागे बांधून. अमितही त्यांच्या शेजारी तसाच. मी पासवर्ड टाइप केला. खात्रीसाठी तोच पुन्हा टाइप करायचा असतो, तो चुकला, कारण मला बटणं दिसत नव्हती. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा चुकला.

"झालं?" सरांनी तिकडूनच विचारलं.

"अजून नाही," मी म्हटलं. ते तसेच उभे राहिले.